दगडावरची भाकर

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात पांढुर्णा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या न्यासाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यवाहांनी केली. मी वक्ता नव्हे. माझे सारे आयुष्य शाळेच्या फळ्यापुढे गेले आणि आता वयाची ऐंशी उलटली आहे. विषय मला दिला तो 'सेवा' हा. एवढा मोठा शब्द उचलण्याची माझी शक्ती नाही. म्हणून मी आज एका प्रवासाची हकीकत सांगणार आहे. दूरदेशीचे काही तरुण स्वयंसेवक एका मेळाव्यासाठी आपल्या या भागात आले, त्यांची ही हकीकत आहे. ती १९५४ सालची असून वरोऱ्याच्या आनंदवनातील आहे. आमच्या न्यासाशी तिचा संबंध काय, असे आपण विचाराल. तो शेवटी आपोआप कळेल.

प्रथम वाट सांगतो. आपले पांढुर्णा स्टेशन इटारसी-नागपूर मार्गावर आहे. लहानपणी रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या दिल्ली-मद्रास गाडीची शिटी ऐकू येई. ही गाडी कोठून येते आणि कोठे जाते, एवढेच कुतूहल आम्हां पोरांना असे. पुढे कळले की, या एका रुळावर सेवेची केवढी तरी ठाणी आहेत. उत्तरेस होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम. तेथे रसूलियाला क्वेकर पंथाच्या इंग्रज मंडळींचे ग्रामसेवेचे केंद्र होते. मार्जोरी साइक्स बाई तेथे पुष्कळ काळ राहिल्या. त्या १९२८ साली शिक्षिका म्हणून मद्रासेत आल्या आणि पुढे भारताच्याच नागरिक झाल्या. दक्षिणेस नागपूर सोडले की वर्धा आणि सेवाग्राम. त्यापुढे हिंगणघाट, आणि मग वरोरा. सौंसरकडील मंडळींना त्या काळी सावनेरवरून छिंदवाडा-नागपूरची छोटी गाडी होती. ती आता इतिहासजमा झाली आणि तिच्या जागी मोठा रूळ आला. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९५४ साली वरोरा आणि आपण एकाच राज्यात होतो आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा वरोरा मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. म्हणजे मी सांगतो ती हकीकत परमुलखातली नाही, त्या वेळच्या आपल्याच राज्यातली आहे.

आता हे तरुण कोण, ते पाहू. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील व्हर्डुनच्या आसपास लाखो माणसे पडली आणि खेडीच्या खेडी जमीनदोस्त झाली. युद्ध संपल्यावर १९२० साली पिएर सेरेसोल नावाच्या एका स्विस इंजिनिअरने तेथील एन या खेड्यात थोडे तरुण जमवले आणि पडलेली घरे पुन्हा उभारण्यास आरंभ केला. वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले. घरची प्रतिष्ठा मोठी. पण हा गृहस्थ हाती फावडे घेऊन उभा राहिला. त्याच्या तुकडीत काही जर्मन तरुणही होते. ज्यांच्या देशाने घरे पाडली, त्यांनीच ती बांधून द्यावीत, हा त्यातला हेतू. जखम ताजी होती. फ्रेंच खेड्याला जर्मन माणूस डोळ्यांसमोर सोसवेना, आणि काही महिन्यांत काम थांबवावे लागले. सेवा करू म्हणणाराला लोक लगेच हार घालतात, असे नाही. त्यातूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना उभी राहिली. तिची रीत साधी होती. स्वयंसेवकाने अंगमेहनतीचे काम करावे. पगार नाही. राहणे आणि जेवणे तेवढे मिळेल.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला. सेरेसोल तेव्हा पंचावन्नीच्या घरात होते. त्या वयात ते काही सोबती घेऊन हिंदुस्थानात आले. राजेंद्रबाबूंच्या देखरेखीखाली भूकंपनिवारणाचे मोठे काम चालले होते, त्यात ते सामील झाले आणि १९३७ पर्यंत वरचेवर येऊन खेडी वसवण्याच्या कामी खपले. लक्षात घ्या, राज्य इंग्रजांचे होते. गोरा माणूस म्हणजे साहेब, एवढेच खेड्यातील माणसाला ठाऊक. तो टोपली वाहताना दिसला, हे दृश्य नवे होते.

त्यानंतर देश स्वतंत्र झाला. १९४९ च्या डिसेंबरात जगातील शांतिवाद्यांची परिषद प्रथम शांतिनिकेतनात आणि मग सेवाग्रामात भरली. म्हणजे दूरदूरच्या सेवकांनी आपल्या या टापूत एकत्र जमण्याची रीत तेव्हापासूनच पडू लागली होती.

अशा वेळी, जून १९५१ मध्ये, बाबा आमटे वरोऱ्याजवळच्या माळावर राहावयास गेले. जमीन पन्नास एकर, पण सारी खडकाळ. बरोबर साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये. ही यादी महाराष्ट्रात पुष्कळांना पाठ आहे. बाबा मूळचे हिंगणघाटचे, पेशाने वकील. भिक्षा माणसाला मोडते आणि काम माणसाला उभे करते, ही त्यांची धारणा. म्हणून रोग्यांनीच विहिरी खणल्या, दगड उचलले, भाजीपाला लावला. भाजी उत्तम आली. पण ती विकत घेणार कोण? रोग्यांच्या हाताची भाजी, रोग्यांनी काढलेले दूध! वरोऱ्याच्या बाजारात ती कोणी घेईना. माळावर पीक आले, पण माणूस त्या पिकाजवळ येईना.

१९५४ साली सेरेसोल यांच्याच संघटनेचे स्वयंसेवक आनंदवनात आले. अनेक देशांतील सुमारे पन्नास तरुण होते आणि ते जवळपास तीन महिने राहिले. त्या काळी युरोपातून मुंबईस येणे म्हणजे आगबोटीने दोनतीन आठवड्यांचा प्रवास. तेथून आगगाडीने मध्य हिंदुस्थानच्या उन्हातान्हातून वर्धा, आणि तेथून वरोरा. दिल्लीकडून येणाराला तर वाटेत आपले पांढुर्णेच लागणार. भाषा वेगळी, अन्न वेगळे, हवा वेगळी. एकमेकांनाही ती मंडळी नीट ओळखत नसत. रुग्णालयाच्या इमारती उभ्या करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. खोदणे, दगड वाहणे, भिंत चढवणे ही कामे त्यांनी केली.

पण सज्जनहो, भिंती बांधणारे गवंडी वरोऱ्यातही होते. भिंतीसाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नव्हते. या तरुणांनी खरे काम केले ते जेवणाच्या वेळी. आनंदवनात पिकलेली भाजी त्यांनी खाल्ली, आनंदवनातले दूध ते प्याले, आणि रोग्यांच्या शेजारी बसून जेवले. हे गावाने पाहिले. एक दिवस नव्हे, तीन महिने पाहिले. त्यांच्यातला कोणी झडला नाही, कोणाची बोटे गळाली नाहीत. साता समुद्रांपलीकडची पोरे जे खातात ते आपण का खाऊ नये, असा प्रश्न हळूहळू गावाला पडला आणि आनंदवनाची भाजी विकली जाऊ लागली. आनंदवनाच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार सांगितली जाते, आणि ती इमारतींहून मोठी आहे असे मला वाटते.

आता मी घरची गोष्ट सांगतो. ती मी आजवर सभेत कधी सांगितलेली नाही.

१९५४ साली मी नऊ वर्षांचा होतो. माझ्या वडिलांचे चुलते, म्हणजे नात्याने माझे आजोबा, यांना हा रोग झाला होता. तेव्हा लोक महारोग म्हणत. आमच्याच शेताच्या धुऱ्यावर, निंबाखाली, त्यांना झोपडी घालून दिली होती. झोपडीपासून वीसएक पावलांवर एक सपाट दगड होता. दुपारी त्यांची भाकर पोचवण्याचे काम माझ्याकडे असे. आजी फडक्यात दोन भाकरी बांधी, वर वांग्याची भाजी किंवा झुणका ठेवी, आणि रोज न चुकता सांगे, "दगडावर ठेवजो, अन् मागं न पाहता येजो."

आमच्या घरात कोणी दुष्ट नव्हते. त्या माणसाची भाकर एक दिवसही चुकली नाही. पोळ्याला पुरणाची पोळी जाई, थंडीत नवी घोंगडी जाई, संत्र्याच्या तोडीला पहिली चार फळे जात. देण्यात आम्ही कमी केले नाही. फक्त ते सारे दगडावर ठेवलेले असे.

एकदा मी मागे वळून पाहिले. आजोबा झोपडीतून आले. त्यांनी फडके सोडले, अर्धी भाकर मोडून दगडाच्या कडेला ठेवली आणि कुत्र्याला हाक मारली. कुत्रे लांब होते. ते येईपर्यंत त्यांनी घास घेतला नाही. ते आले, मग दोघे जेवले. मी घरी येऊन कोणाला काही बोललो नाही. १९५७ च्या पावसाळ्यात आजोबा वारले. तोवर त्यांच्याबरोबर दुसरे कोणी जेवल्याचे मला आठवत नाही.

पुढे मोठेपणी मी आनंदवनाची ही हकीकत वाचली आणि सालावर माझे बोट थांबले. १९५४! ज्या महिन्यांत मी दगडावर भाकर ठेवून पळत होतो, त्याच वर्षी, आमच्या स्टेशनावरून एका दिवसाच्या वाटेवर, परक्या देशांतील मुले अशाच माणसांच्या मांडीला मांडी लावून जेवत होती. डॅप्सोन हे औषध तेव्हा देशात आलेले होते. गाडी होती, वाट होती, राज्यही एकच होते. त्यांना हाताला धरून गाडीत बसवणारा माणूस मात्र आमच्या घरात निघाला नाही.

आपल्या गावाला दगडाची ओळख करून देण्याची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. त्या दिवशी जखमी किती झाले, हे दरवर्षी मोजले जाते. पण न फेकता नुसता दोन माणसांमध्ये ठेवलेला दगडही जखम करतो. त्याची मोजदाद कोठेच होत नाही.

१९७० नंतरच्या एका उन्हाळ्यात मी शिक्षक असताना सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीस गेलो. मूल तालुक्यातील सोमनाथला बाबांनी १९६७ च्या सुमारास हा तरुणांचा मेळावा सुरू केला. गावोगावची मुले मे महिन्याच्या उन्हात तेथे जमत, सकाळी श्रम आणि नंतर चर्चा. मी पांढुर्ण्याहून नागपूर, नागपूरहून वरोरा असा गेलो आणि वाटेत एक रात्र आनंदवनात राहिलो. रात्री पंगत बसली. वाढणाराच्या हाताला बोटे नव्हती. मनगटावर वाडगे तोलून तो सफाईने वरण वाढत होता. मी शिकलेला माणूस. रोगाविषयी पुस्तके वाचून गेलेला. तरी त्याने वरण वाढले तेव्हा माझा हात ताटाकडे जाताना क्षणभर थांबला. त्याने ते पाहिले. तो हसला आणि म्हणाला, "घ्या गुरुजी, गरम आहे." मी जेवलो. त्या रात्री मला कळले की, पुस्तकातून जात नाही ते एका पंगतीने जाते. आणि माझ्याआधी त्या पंगतीला बसून गेलेल्या त्या परदेशी पोरांचे माझ्यावर ऋण आहे, हेही कळले.

मेळाव्याविषयीही मला एक गोष्ट सांगावयाची आहे. सेवेसाठी मेळावा कशास हवा, ज्याने त्याने आपल्या गावी काम करावे, असे काही जण म्हणतात. माझा अनुभव निराळा आहे. एकटा स्वयंसेवक लवकर थकतो, नाही तर लवकर गर्विष्ठ होतो. आपणच काय ते करतो, असे त्याला वाटू लागते, किंवा आपल्या करण्याने काय होते, असे वाटू लागते. दोन्ही रोगांवर औषध एकच. वर्षातून एकदा आपल्यासारख्यांत जाऊन बसावे. तेथे आपल्याहून अधिक केलेला मनुष्य भेटतो आणि गर्व उतरतो. आपल्याइतकाच हरलेला मनुष्यही भेटतो आणि धीर येतो. सोमनाथहून परत येताना माझ्या हाताला फोड होते, पण मन हलके होते. दूरदेशीचा स्वयंसेवक महिनाभर प्रवास करून मेळाव्याला का येतो, याचे उत्तर मला तेव्हा मिळाले.

परदेशी मंडळींचीच स्तुती मी गातो आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपली माणसेही गेली आहेत. १९३८ साली चीनवर जपानचे आक्रमण चालू असताना राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे फार थोड्यांना आठवते. पाचांत ते वयाने सर्वांत वडील. कोटणीस तिकडेच राहिले, चिनी भाषा शिकले, चिनी परिचारिकेशी त्यांनी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेवला. चीनमधील लोक आजही त्यांना आपले मानतात. औषधे तर पेटीतूनही पाठवता आली असती. ते स्वतः गेले आणि त्यांच्यात बसले, म्हणून ते त्यांचे झाले.

रोगाविषयी आजची स्थितीही सांगणे माझे कर्तव्य आहे. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. बहुतेक माणसांच्या अंगी या जंतूशी लढण्याची शक्ती उपजतच असते. दीर्घ काळ, अगदी जवळचा आणि उपचार न झालेल्या रोग्याचा सहवास असेल तरच त्याची बाधा संभवते. १९८० नंतर बहुविध औषधांचा उपचार आला. सहा महिने किंवा एक वर्ष गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि त्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. औषध सुरू होताच संसर्गाचे भय लवकरच ओसरते. डिसेंबर २००५ मध्ये देशात दर दहा हजारांत रोग्यांचे प्रमाण एकाच्या खाली आले. परंतु रोग संपलेला नाही. १८९८ चा रोग्यांना कोंडून ठेवणारा कायदा रद्द व्हावयास २०१६ साल उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून गळावयास २०१९. कायद्याचा दगड हलण्यास इतका काळ लागला. मनातला किती काळ घेईल, ते आपल्याच हाती आहे. अंगावर फिकट किंवा लालसर आणि बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. त्या माणसाला दवाखान्यात पाठवू नका, स्वतः घेऊन जा.

आता न्यासाकडे येतो. पन्नास वर्षांत या न्यासाने शिष्यवृत्त्या दिल्या, वह्या-पुस्तके दिली, रुग्णांना मदत केली, अडलेल्या घरांतली लग्ने लावून दिली. हिशेब चोख आहे आणि त्याबद्दल विश्वस्तांचे अभिनंदन केले पाहिजे. तरी या व्यासपीठावरून, तुमच्यातलाच एक म्हणून, मी विचारतो की, आपले दान कोठे ठेवलेले असते? आपण पाकीट देतो, टाळ्या होतात, छायाचित्र निघते आणि मुलगा खाली उतरतो. त्याचे घर कोणत्या गल्लीत आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? माझ्या आजीची भाकर चुकली नाही, तसे आपले पाकीटही चुकत नाही. मात्र मागे वळून न पाहण्याची सवय आपल्यालाही लागली आहे की काय, हे आज तपासून पाहावे.

माझ्या दोनच विनंत्या आहेत. पहिली अशी की, येत्या वर्षापासून पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांतील सर्व कार्यकर्त्यांचा एक मेळावा भरवावा. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि दोन्ही तालुके त्यात एकत्र आले. आता सोयही आहे. मेळाव्यात भाषणे नकोत. माझ्यासारख्यांना तर मुळीच बोलावू नये. सकाळी कोठला तरी बंधारा, शाळेचे कुंपण, दवाखान्याचे अंगण असे काम असावे. दुपारी पंगत असावी. दुसरी विनंती अशी की, ज्यांना न्यासाने मदत केली, त्यांच्या घरी विश्वस्तांनी वर्षातून एकदा तरी जेवावे. न्यासाचे पैसे त्यावर खर्च होणार नाहीत. त्या घरी जे असेल ते आपण खावे.

तो सपाट दगड अजून आमच्या शेताच्या धुऱ्यावर आहे. निंब गेला, झोपडी गेली. मुलगा म्हणत होता की ट्रॅक्टरला आडवा येतो, काढून टाकू. मी त्याला म्हटले, थोडे थांब. न्यासाचा पहिला मेळावा आपल्याच शेतात भरवू, पंगतही तेथेच बसवू, आणि जेवण झाल्यावर सर्वांनी मिळून तो दगड उचलू. एकट्याने हलणारा तो नाही.